चार बोटे लाकूड

माझी पणजी टेकडीच्या उतारावरचे सागाचे झाड होती. तिच्यापासून माझी आजी झाली, धान्याच्या गोदामातली तुळई. तिने आयुष्यभर छप्पर पेलले आणि एकदाही कुरकुर केली नाही. गोदाम पाडले तेव्हा त्या तुळईचे शाळेसाठी लांब बाक केले. त्यांतला एक बाक ही माझी आई. तिच्यावर बसून मुलांनी एकमेकांना कोपराने ढोसले, तिच्या अंगावर कर्कटकाने चित्रे कोरली, आणि तिने सगळ्यांना सारख्याच मायेने सांभाळले. पुढे शाळेने लोखंडी बाक आणले. तेव्हा आईच्या धडधाकट लाकडातून माझा जन्म झाला.

मित्रांनो, मी खुर्ची आहे. मला हात नाहीत, गादी नाही, आणि चाके तर नाहीतच. चाकांच्या खुर्च्या मी पाहिल्या आहेत. त्यांना एका जागी स्थिर राहणे ठाऊक नसते. कुळ सांगितले ते मिरवण्यासाठी नव्हे. मिरवते आहे असे वाटलेच, तर खुशाल वाटू द्या. या वयात मला तेवढा अधिकार आहे. आता पाय हलवू नका, पाठ ताठ करा आणि ऐका.

मला घडवले सुतारमामांनी. त्या वर्षी दूर देशातला एक भिंगांचा कारखानदार आमच्या शहरात शाखा काढायला आला होता. एका बंद पडलेल्या छापखान्याची जागा त्याने भाड्याने घेतली, कारण तिच्या उत्तरेच्या भिंतीत ओळीने उंच खिडक्या होत्या आणि भिंगाच्या कामाला असाच शांत, सावलीतला उजेड लागतो. सुतारमामांना टेबले आणि खुर्च्यांचे काम मिळाले. आम्ही सगळ्या बहिणी एका उंचीच्या, एका पॉलिशच्या, भिंतीशी रांगेत उभ्या होतो.

साहेब आले. गोरे, लालसर नाकाचे, खिशात नेहमी गुंडाळलेली मोजपट्टी. ते आधी माझ्यावर बसले, उठले, पुन्हा बसले आणि त्यांनी मान हलवली. त्यांची भाषा इथल्या मॅनेजरांना येत होती. मॅनेजर म्हणाले, "मामा, साहेब म्हणतात खुर्च्या उत्तम आहेत, पण अजून पूर्ण झालेल्या नाहीत."

"पूर्ण नाहीत?" मामांनी हसत कानावरची पेन्सिल काढली. "मग काय पाचवा पाय लावू?"

साहेबांना हसण्याचे कारण कळले नाही. पण त्यांनी जे सांगितले, ते ऐकून मामांचे हसू मावळले आणि त्या जागी कारागिराचा आदर उमटला. भिंग घासताना काचेचा गोल तुकडा फिरत्या लोखंडी वाटीवर दाबून धरावा लागतो. वाटीत कुरुंदाच्या कठीण दगडाची ओली भुकटी असते. बसणारीची खुर्ची उंच असली तर खांदा वाकतो, तळहात एका बाजूला कलतो आणि भिंगाची एक कड जाड राहते. म्हणून साहेबांच्या वडिलांच्या कारखान्यात एक नियम होता. माणूस कामावर घेतले की पहिल्या दिवशी त्याच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचे माप घ्यायचे, आणि त्या मापाने खुर्चीचे पाय कापायचे. मापाशिवाय कोणालाही बसू द्यायचे नाही. साहेबांना या नियमाचा फार अभिमान होता. हा अभिमान लक्षात ठेवा. तो पुढे कामाला येणार आहे.

कामाला बायका निवडल्या होत्या. मापे घ्यायला सुतारमामी आल्या. कोणाच्या खुर्चीचे बोटभर कापले, कोणाच्या दोन बोटे. माझ्यावर बसायला आली ती सगळ्यांत लहानखुरी. ती बसली आणि तिचे पाय जमिनीला न टेकता घंटेच्या लोलकासारखे लोंबकळू लागले. शेजारच्या खुर्चीवरची बाई, जिला पुढे कुरुंदाच्या भुकटीने सतत शिंका येत म्हणून सगळ्या शिंकरी म्हणू लागल्या, ती म्हणाली, "अगं चिमणे, उतरायला शिडी मागवू का?"

तेव्हापासून तिचे नाव चिमणी.

सुतारमामांनी मला आडवे केले आणि माझ्या चारही पायांचे चार चार बोटे लाकूड उतरवले. मित्रांनो, ज्यांच्या पायांवर करवत फिरलेली नाही त्यांना ते सांगून कळायचे नाही. मामांना मात्र कळले असावे. त्यांनी ते चार तुकडे उचलून फडक्यात बांधले, कोणता तुकडा कोणत्या पायाचा हे ओळखू यावे म्हणून प्रत्येकावर खाचा केल्या आणि माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "रुसू नकोस. चुलीत घालत नाही. उसने घेतलेत. तुला लागतील तेव्हा आणून देईन."

मामी म्हणाल्या, "लाकडाशी बोलताय, घरी माझ्याशी तेवढं बोललात तर बरं होईल."

"लाकूड उलट बोलत नाही," मामा म्हणाले.

चिमणी पुन्हा बसली. तिची दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकली. तिने एक दीर्घ श्वास सोडला, आणि त्या श्वासाबरोबर ती आणि मी एकमेकींच्या झालो.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना घरची गंमत सांगितली. तिच्या सासूबाईंनी पायाचे माप घेतल्याचे ऐकून विचारले होते, "नोकरीला ठेवलंय की चपला शिवायच्यात?"

त्याच दिवशी प्रत्येकीपुढे एक कागद आला. तो साहेबांच्या देशाच्या भाषेत होता. मॅनेजरांनी बोट ठेवले तिथे बायकांनी सह्या केल्या. साहेब मनाने वाईट नव्हते, हे मी आजही सांगते. काही माणसे परगावी जाताना आपली उशी बरोबर नेतात, दुसऱ्या उशीवर त्यांना झोप लागत नाही. साहेबांनी तसा आपला घरचा कागद आणला होता. वकिलाने त्यात शहराचे नाव तेवढे बदलले होते. त्या कागदानुसार चिमणी आणि तिच्या मैत्रिणी कंपनीच्या नोकर नव्हत्याच. त्या होत्या स्वतंत्र व्यावसायिक. आपले काम, आपली वेळ, आपली साधने. कंपनी फक्त त्यांच्याकडून भिंगे घेणार.

आता मी जे रोज पाहत होते ते सांगते. सकाळी घंटा झाली की स्वतंत्र व्यावसायिकांना आपापल्या जागेवर बसावे लागे. घंटा झाल्यावर कोणी आली तर मॅनेजर दारात उभे असत. वाटी कंपनीची, कुरुंद कंपनीचे, पाणी आणि दिवे कंपनीचे. कोणते भिंग आधी आणि किती जाडीचे, हे कंपनी सांगे. शिंकरीला भावाच्या लग्नाला जायचे होते तर तिने मॅनेजरांपुढे उभे राहून रजा मागितली. स्वतंत्र माणूस स्वतःच्या भावाच्या लग्नाला जायला कोणाची परवानगी मागतो का?

पण तेव्हा हे कोणाच्या मनात आले नाही, कारण ते दिवस सुखाचे होते. उत्तरेच्या उजेडात वीसेक वाट्या एकसुरात गुरगुरत. चिमणी कोपर टेबलावर टेकवून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून काच फिरवी. भिंग झाले की ते धुऊन खिडकीसमोर धरी. त्यात सगळी खिडकी बोटाएवढी होऊन उतरे. एकदा साहेब तिच्या मागे येऊन थांबले. तिच्या हातातले भिंग घेऊन त्यांनी उजेडाकडे धरले, फिरवले, पुन्हा धरले आणि आमच्या भाषेत मोडकेतोडके म्हणाले, "छान. फार छान." मग त्यांनी माझ्या पाठीवरही हात ठेवला. मी लाकडाची असले तरी ते विसरलेले नाही.

दोन वर्षे सरली. चिमणीला दिवस गेले.

पोट टेबलाला लागू लागले तेव्हा तिने मॅनेजरांना सांगितले, "बाळंतपणाची रजा हवी आहे."

मॅनेजर कागद चाळत म्हणाले, "रजा नोकरांना असते. तुम्ही नोकर नाही."

"मग मी कोण?"

"स्वतंत्र व्यावसायिक. सही आहे तुमची. तुम्ही खुशाल जा, तुम्हाला कोणी अडवणार नाही."

"आणि परत आल्यावर?"

"तुमच्या जागी दुसरी बसलेली असेल."

चिमणी वळली. ती माझ्यावर येऊन बसली आणि उरलेले भिंग तिने पूर्ण केले. ते तिने खिडकीसमोर धरले नाही. एवढे एकच भिंग तिने न पाहता ठेवले.

आठवड्याने माझ्यावर दुसरी बाई बसली. उंच होती बिचारी. तिचे गुडघे टेबलाच्या खालच्या फळीवर आपटत. पाय आखडून बसायची, संध्याकाळी कंबर धरून उठायची, आणि तिची भिंगे एका कडेला जाड निघत. तिलाही कामाची गरज होती, तिचा दोष नव्हता. एकदा ती शिंकरीला हळूच म्हणाली, "ही कुणाची तरी जागा आहे हो. बसवत नाही."

"मग कशाला बसतेस, लांबुडे?"

"घरी बसून तरी काय खाऊ?"

शिंकरीने यावर शिंकून घेतले.

इकडे चिमणीच्या सासूबाईंनी पदर खोचला होता. सुनेला त्या घरात उठता बसता बोलत, पण सुनेला दुसरे कोणी बोललेले त्यांना चालत नसे. त्या तिला घेऊन थेट कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेल्या. तिथे एक तरुण अधिकारीबाई बसत. त्यांनी कागद पाहिला, ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "कागद मी इथे वाचला. आता काम कसं चालतं ते तिथे येऊन पाहते."

ठरल्या दिवशी छापखान्याच्या त्या दालनात सगळे जमले. वाट्या थांबल्या होत्या. साहेब मुद्दाम परदेशातून आले होते. कंपनीचे वकील होते, मॅनेजर होते. चिमणी मोठे पोट सावरत सासूबाईंच्या आधाराने आली. तिची नजर माझ्याकडे गेली. लांबुडी घाईने उठून बाजूला झाली. मी मधोमध रिकामी उभी राहिले.

वकील म्हणाले, "बाईसाहेब, प्रश्न साधा आहे. या बाई नोकर नाहीत. करार आमच्या अशिलाच्या देशात तयार झालेला आहे, त्या देशात तो योग्य आहे आणि बाईंची त्यावर सही आहे."

"कोणत्या भाषेतला करार?" अधिकारीबाईंनी विचारले.

"साहेबांच्या."

"चिमणीबाई, तुम्हाला वाचता आला?"

"त्यातलं माझं नाव तेवढं ओळखीचं होतं," चिमणी म्हणाली.

"स्वतंत्र कारागीर आपली साधनं आपण आणतो. वाटी कोणाची?"

"वाट्या जड असतात, म्हणून कंपनीने सोय केली," वकील म्हणाले.

"वेळ कोणाची?"

"घंटा ही केवळ आठवण करून देण्यासाठी."

अधिकारीबाई माझ्यापाशी आल्या. "आणि ही खुर्ची?"

वकिलांनी मॅनेजरांकडे पाहिले. मॅनेजरांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाले, "ती त्यांचीच. घरून आणली त्यांनी."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! माझ्या आजीने छप्पर पेलले, आईने शाळा पेलली, पण त्यांपैकी कोणालाही स्वतःविषयीचे असले खोटे निमूट पेलावे लागले नव्हते. चिमणी पांढरीफटक पडली. सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "माप घेताना घेतलंत, आणि आता म्हणे घरून आणली! आमच्या घरात पाहुणा आला तर त्याला चटई टाकतो आम्ही. खुर्ची असती तर मीच नसते का बसले?"

"आजी, शांत व्हा. माप कसलं?" अधिकारीबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी दाराकडे बोट केले. दारात सुतारमामा उभे होते, हातात फडके. चिमणीने त्यांना काही सांगितले नव्हते; सासूबाईच त्यांच्या दुकानात जाऊन त्यांना उठवून घेऊन आल्या होत्या. मामांनी मला अलगद उलटी केली. फडके सोडले. एकेक तुकडा खाच पाहून एकेका पायावर ठेवला. लाकडाच्या रेषा पायातून तुकड्यात अशा उतरल्या की मध्ये कधी करवत फिरली होती असे वाटेना.

"हे कोणी कापायला सांगितलं?" अधिकारीबाईंनी विचारले.

मामांनी साहेबांकडे बोट केले. "यांनी."

आता साहेबांना यातले एक अक्षर समजत नव्हते. त्यांना दिसले एवढेच की आपल्या खुर्चीविषयी बोलणे चालू आहे. ते चार तुकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. ते पुढे झाले, गुडघ्यावर हात ठेवून, जमिनीकडे बोट दाखवून, मोठ्या उत्साहाने आपल्या भाषेत बोलू लागले. वकील त्यांच्या कोटाची बाही ओढत होते, तरी ते थांबेनात.

"साहेब काय म्हणतात?" अधिकारीबाईंनी मॅनेजरांना विचारले.

मॅनेजर खिशात रुमाल शोधू लागले.

"मला त्यांची भाषा थोडी येते, हे सांगून ठेवते," अधिकारीबाई म्हणाल्या.

मॅनेजरांनी मान खाली घातली आणि अडखळत सांगितले, "साहेब म्हणतात, अर्थात मीच सांगितलं. आमच्या कारखान्यात कामाला घेतलेलं माणूस पहिल्या दिवसापासून स्वतःच्या मापाच्या खुर्चीवर बसतं. माझ्या वडिलांच्या वेळेपासून. साहेब म्हणतात, बाहेरच्या माणसासाठी कोण खुर्ची कापून घेईल?"

 मग शिंकरी शिंकली, आणि सगळ्या बायका हसल्या.

अधिकारीबाईंनी साहेबांना त्यांच्याच भाषेत सावकाश समजावले, आणि मग आम्हा सगळ्यांसाठी आपल्या भाषेत सांगितले. "कागदावर काय नाव लिहिलं आहे ते आमचा कायदा शेवटी पाहतो. आधी पाहतो की हुकूम कोणाचा, वेळ कोणाची, साधनं कोणाची. हे सगळं तुमचं, तर माणूसही तुमच्या नोकरीतलं. आणि मालक कुठल्याही देशाचा असो, काम जिथे होतं तिथला कायदा चालतो. या खुर्चीचे पाय ज्या जमिनीला टेकतात, त्या जमिनीचा. बाळंतपणाची रजा, आठवड्याची सुट्टी, कामावरून कमी करायचं तर आधी सूचना, हे तुमच्या करारात नसलं तरी इथे आहेच. सही करून घेतली म्हणून ते पुसलं जात नाही."

साहेबांचे नाक होते त्याहून लाल झाले.  मग त्यांनी खिशातली मोजपट्टी काढली आणि लांबुडीकडे पाहून मॅनेजरांना काही सांगितले. या वेळी मॅनेजरांनी लगेच भाषांतर केले. "साहेब विचारतात, या बाई माप न घेता बसल्याच कशा?"

त्या दिवशी सगळे ठरले. चिमणीची जागा चिमणीची राहील. ती रजेवर जाईल आणि परत येऊन याच खुर्चीवर बसेल. लांबुडीला तिला कळेल अशा भाषेतले नेमणुकीचे पत्र मिळेल, आणि तिच्या मापाची खुर्चीही. सगळ्या बायकांचे कागद नव्याने होतील. चिमणी जाण्याआधी माझ्यापाशी आली. माझ्या पाठीवरची काल्पनिक धूळ तिने पदराने पुसली, नि "येते हं," एवढे म्हणून गेली.

राहिले माझे चार तुकडे. अधिकारीबाई म्हणाल्या, "हे पुरावा म्हणून मला ठेवावे लागतील."

मामांचा जीव कासावीस झाला. "बाईसाहेब, ते माझे नाहीत. उसने आहेत. खुर्चीला परत द्यायचेत."

"मिळतील. माझा शब्द समजा."

असे माझे येणे मामांकडून सरकारदरबारी गेले.

रजेच्या काळात मला चादरीने झाकून ठेवले होते. कोणी चुकून टेकले तरी शिंकरी ओरडे, "ए, ती जागा आरक्षित आहे!" चिमणी परतली तेव्हा तिच्याबरोबर मुलगी होती. दालनाच्या टोकाच्या खोलीत बाळांसाठी पाळणे टांगले होते, हेही नव्या कागदातच लिहिले होते. दुपारच्या सुट्टीत ती पोर माझ्यापाशी रांगत येई. माझा पाय धरून ती पहिल्यांदा उभी राहिली. माझ्या पुढच्या डाव्या पायावर तिचे पहिले दातही उमटले आहेत. कोणाला ती खोट वाटेल. माझ्यासाठी तो दागिना आहे.

पुढची वर्षे कशी गेली ते सांगत बसले तर तुमचा खेळाचा वेळ जाईल. साहेब येत, दर वेळी थोडे अधिक वाकलेले. नव्या बाईला कामावर घेतले की ते आधी माप घेत आणि मग तिचा कागद तिच्याच भाषेत मोठ्याने वाचून घेत. चुकलेला माणूस सुधारला की तो इतरांपेक्षा काटेकोर होतो, असे मी पाहिले. मग आपोआप भिंगे घासणारी यंत्रे आली आणि हातांच्या वाट्या थांबल्या. या वेळी मात्र बायकांना महिने आधी सूचना मिळाली, हक्काचे सगळे देणे मिळाले, आणि निरोपाच्या दिवशी साहेबांनी प्रत्येकीला तिची खुर्ची दिली. चिमणीला मला देताना ते पुन्हा म्हणाले, "छान. फार छान." भाषा त्यांची तेवढीच राहिली.

घरी सासूबाईंनी माझा ताबा घेतला. त्याही सुनेइतक्याच ठेंगण्या. "जिने भांडण मिटवलं ती खुर्ची," असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. भांडण आपण मिटवले हे त्या सोयीने विसरत. त्या गेल्या, आणि मग माझे वाईट दिवस आले. घरात गुबगुबीत सोफा आला. मला गॅलरीत नेले. माझ्यावर रंगाचे डबे आले, नंतर एक कुंडी. कुंडीचे पाणी माझ्या बैठकीत मुरले, पाठीचा सांधा सैल झाला. ज्या अंगाने भिंगे घडली, त्यावर गंजलेल्या डब्यांची वर्तुळे उमटली. चिमणीचेही गुडघे दुखू लागले होते. ती गॅलरीत फारशी येईना. मी कोणाला दोष दिला नाही. पण रोज संध्याकाळी दाराकडे पाहत राहिले, हे खरे.

एके दिवशी कुंडी उचलली गेली. समोर उभी होती ती माझ्या पायाला चावलेली पोर. केवढी झाली होती! बापाची उंची घेतली होती तिने. वकिलीचे शिक्षण संपवून तिने त्याच इमारतीत दोन जिने वर एक लहानसे कार्यालय थाटले होते. परदेशातल्या कंपन्या इथे माणसे कामावर घेण्याआधी तिच्याकडे येत, आणि करारात काय असायलाच हवे, काय लिहून चालणार नाही, हे ती त्यांना समजावी. "आई, ही खुर्ची माझ्या कार्यालयात हवी," ती म्हणाली आणि माझ्यावर बसली.

तिचे गुडघे थेट छातीला लागले. चिमणी दारात उभी होती. ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "नाकतोडा दिसतेस! अगं, तिचे चार तुकडे कचेरीत जमा आहेत."

"अजून?"

"बाईसाहेबांनी शब्द दिला होता. मागायला कोण गेलं?"

मुलगी गेली. जुन्या कागदांच्या कोठारात शोधाशोध झाली आणि धुळीने माखलेले फडके सापडले. त्यात तुकडे होते तीन.

सुतारमामा आता फार थकले होते. हात थरथरत, पण करवतीपाशी गेले की थांबत. त्यांनी मला घासूनपुसून घेतले, सांधा आवळला, आणि मध्ये खुंट्या घालून, सरस लावून तीन तुकडे तीन पायांना परत दिले. चौथा पाय मात्र हवेत राहिला. मी एका बाजूला कलले.

"मामा, त्या मापाचा नवा तुकडा बसवा ना," मुलगी म्हणाली.

मामांनी तिच्याकडे असे पाहिले की तिने मान खाली घातली. "मी घेतलं ते तिचं लाकूड. दुसरं लाकूड दिलं तर ते उसनं फेडणं नव्हे, तोंड बंद करणं झालं."

तशी मी कार्यालयाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी राहिले. पुढे एका दुपारी जिन्यावर सावकाश पावले वाजली. पांढऱ्या केसांच्या एक बाई, हातात कापडी पिशवी. त्या दारात धापा टाकत थांबल्या.

"कोठारातल्या लोकांनी मला सांगितलं, कोणीतरी खुर्चीचे तुकडे शोधत होतं," त्या म्हणाल्या. "ते कोठारात ठेवले होते तीनच."

चिमणीने त्यांना ओळखले. ती उठायला गेली, तर त्यांनी तिला खांदा दाबून बसवले. मग त्यांनी पिशवीतून चौथा तुकडा काढला. हाताळून हाताळून तो गुळगुळीत, काळपट झाला होता.

"हा माझ्या टेबलावर असायचा. कागद उडू नयेत म्हणून," अधिकारीबाई म्हणाल्या. "परदेशी कंपनीचा करार समोर आला की त्यावर हाच ठेवायचे. मग वाचायला बरं पडायचं. निवृत्त झाले त्या दिवशी टेबलावरचं सगळं परत केलं, हा तेवढा पिशवीत घातला. चोरी म्हणा हवं तर. शब्द दिला होता, आणि माणूस सापडत नव्हतं."

"माणूस नाही, खुर्ची," मामा आपल्या जागेवरून म्हणाले. कोठारातून निरोप आला होता, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावून घेतले होते.

मित्रांनो, एक गोष्ट सांगून माझे पुराण आवरते. कोणाला आपल्या कामाला बसवाल, तेव्हा आधी त्याचे माप घ्या. तुमच्या घरचे माप त्याच्या अंगावर चढवू नका. ज्याने तुमच्यासाठी पाय टेकले, तो परत येईपर्यंत त्याची जागा राखा. आणि घरातल्या जुन्या लाकडावर कुंडी ठेवण्याआधी, ते कोणासाठी कापले गेले होते, एवढे विचारा.

मामांनी मला उलटी केली. चौथ्या तुकड्यावरची खाच बोटाने चाचपून पाहिली, सरस लावला, खुंटी ठोकली आणि रेषेला रेष मिळेपर्यंत दाबून धरले. सरस वाळेपर्यंत चौघेही बसून राहिले. कोणी घरी गेले नाही. मग मामांनी मला सरळ केले. इतक्या वर्षांनी मी माझ्या मूळ उंचीवर उभी राहिले. मुलगी बसली. तिची दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकली, आणि तिने अगदी तिच्या आईसारखा दीर्घ श्वास सोडला.

मामांनी फडके झटकले, घडी घालून खिशात ठेवले आणि माझ्या पाठीवर थोपटले.

"घे," ते म्हणाले. "चारही परत."